रासायनिक नामपद्धतीचा १७८७ चा ग्रंथ आणि पोथ्यांतील द्रव्यनामें

जुन्या बाडांतील शाईच्या, रंगांच्या, दारूगोळ्याच्या व औषधांच्या कृति छापतांना द्रव्याच्या नांवापुढें कंसांत त्याचें रासायनिक सूत्र घालण्याचा प्रघात आतां चांगलाच रुळला आहे. हिराकस आला कीं लोहाचें सल्फेट, मोरचूद आलें कीं तांब्याचें सल्फेट, नवसागर आला कीं अमोनियम क्लोराइड. वाचकाची सोय होते, संपादकास शास्त्रीयपणाचें समाधान लाभतें, आणि कंस एवढा लहान असतो कीं त्यांत कांहीं वादग्रस्त असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. हा दोष आमच्याही हातून घडलेला आहे. एका बाडांतील शाईची कृति उतरून घेतांना 'हिराकस' या शब्दापुढें आम्हीं सूत्र लिहिलें, आणि पुढें स्वच्छ प्रत करतांना मूळ शब्द गाळून सूत्र तेवढें ठेविलें. चूक ध्यानांत येण्यास कांहीं वर्षें लागलीं. त्या निमित्तानें, ज्या ग्रंथापासून द्रव्याच्या नांवांत त्याची घटना सांगण्याची रीत सुरू झाली, तो आम्हीं मुद्दाम पुन्हां पाहिला. त्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे. रोमन टंकांतील चिन्हें या लेखांत उच्चाराप्रमाणें नागरींत लिहिलीं आहेत, एवढें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

ग्रंथ म्हणजे पॅरिस येथें १७८७ सालीं छापलेली 'रासायनिक नामपद्धति'. कर्ते चार : ग्वितों द मोर्व्हो, लाव्हाझिये, बेर्तोले आणि फूर्क्रुआ. यांपैकीं मूळ कल्पना पहिल्याची. ग्वितों हा दिजों येथील न्यायसभेंतला सरकारी वकील. रसायनाचा नाद त्याला मागून लागला. १७८२ सालींच त्यानें रासायनिक नांवांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. कायद्याच्या कागदांत एकाच जमिनीला पांच नांवें असलीं म्हणजे काय अनर्थ होतो हें वकिलाला जितकें कळतें तितकें प्रयोगशाळेंत वाढलेल्याला कळत नसावें, असें तो निबंध वाचतांना वाटतें. त्यानें घालून दिलेले नियम थोडे व नेमके आहेत. लांबलचक वाक्यांश हें नांव नव्हे. नांव वस्तूच्या घटनेस अनुसरून असावें. घटना ठाऊक नसेल तर ज्यांतून कांहींच अर्थ निघत नाहीं असें नांव बरें. नव्या शब्दांचे धातु मृत भाषांतून घ्यावे. आणि शब्द ज्या भाषेंत वापरावयाचे तिच्या प्रकृतीस मानवणारे असावे. यांतील तिसरा नियम आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि नेमका तोच पुढें या चौघांकडून पाळला गेला नाहीं.

ग्रंथाची बांधणी संग्राहकांनीं पाहण्याजोगी आहे. आरंभीं लाव्हाझियेचा प्रास्ताविक निबंध, जो त्यानें १८ एप्रिल १७८७ रोजीं विज्ञान-अकादमीपुढें वाचला. मग ग्वितोंचा तत्त्वविवेचक निबंध. मग फूर्क्रुआनें केलेलें घडीच्या मोठ्या कोष्टकाचें स्पष्टीकरण. त्या कोष्टकांत ज्यांचें विघटन झालें नव्हतें अशीं ५५ द्रव्यें मांडून त्यांच्या संयोगांचीं नांवें सहा रकान्यांत बसविलीं आहेत. त्यापुढें दोन कोश आहेत : एकांत जुन्या नांवावरून नवें शोधावें, दुसऱ्यांत नव्यावरून जुनें. शेवटीं हासेन्फ्राट्झ व अदे या दोघांनीं रचलेल्या वर्तुळ-त्रिकोण-चौकोनांच्या चिन्हांचा प्रस्ताव आणि अकादमीनें नेमलेल्या परीक्षकांचा अहवाल. अहवाल अत्यंत सावध आहे. परीक्षकांनीं नव्या नांवांना मान्यताही दिली नाहीं व त्यांचा निषेधही केला नाहीं. निर्णय काळावर सोंपविला.

आम्हांस या ग्रंथाचें खरें मोल दिसतें तें त्या दोन कोशांत. 'सल्फेट द पोतास' हें नवें नांव पाहावें तों त्याच्यापुढें जुन्या नांवांची रांग उभी : विट्रिऑलयुक्त टार्टर, दुहेरी क्षार, दुहेरी गुप्तौषध, ग्लासरचा बहुगुणी क्षार. द्रव्य एकच. कोणी तें ज्या दोन पदार्थांपासून केलें त्यावरून नांव दिलें, कोणी गुणावरून, कोणी करणाऱ्याच्या नांवावरून. एप्सम या इंग्रजी गांवच्या झऱ्याचा क्षार आणि बोहेमियांतील सेडलिट्झच्या झऱ्याचा क्षार हे दोन्ही मॅग्नेशियाचें सल्फेट, हें त्या गांवांच्या औषधविक्यांना अर्थातच रुचण्यासारखें नव्हतें. उलट 'लोणी' व 'तेल' या शब्दांनीं अत्यंत दाहक विषें ओळखलीं जात : अँटिमनीचें लोणी, विट्रिऑलचें तेल. या नांवांवर लाव्हाझियेनें केलेली टीका न्याय्यच आहे. परंतु चौघांनींही जुनें नांव पुसून टाकिलें नाहीं, नव्याशेजारीं छापून ठेविलें. आज अठराव्या शतकांतील यूरोपीय औषधालयांच्या याद्या वाचणाऱ्याला हा कोश हाताशीं घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. नवें नांव देणाऱ्यानें जुन्याची अशी नोंद ठेवावी, हा धडा आमच्या संपादकांनीं घेतला असता तर हा लेख लिहिण्याची वेळ येती ना.

पद्धतीचा गाभा थोडक्यांत असा. गंधकाचें अधिक ऑक्सिजन असलेलें अम्ल तें सल्फ्युरिक, कमी असलेलें तें सल्फ्युरस. पहिल्याचीं लवणें सल्फेट, दुसऱ्याचीं सल्फाइट. आणि नुसत्या गंधकाशीं झालेला संयोग तो सल्फ्युर, म्हणजे आजचें सल्फाइड. शेवटचा एक प्रत्यय बदलला कीं द्रव्याचें कुळ बदलतें. संस्कृत तद्धितांच्या सवयीच्या वाचकाला यांत नवल वाटूं नये. दशरथाचा दाशरथि आणि कुंतीचा कौंतेय असें आपण नित्य म्हणतों. प्रत्ययाचें हें यंत्र इतकें नेटकें आहे कीं सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्याचे मुख्य भाग तसेच चालू आहेत. त्याच सांच्यावर डॉ. रघुवीर यांनीं आपल्याकडे संस्कृत परिभाषा रचिली. ऑक्सिजन तो जारक, त्याचा संयोग तो जारेय. सोडियम तो क्षारातु. रचना निर्दोष होती, परंतु शाळेंतल्या पोरानें सोडियमच पाठ केलें, आणि मराठी पाठ्यपुस्तकांतही सोडियम क्लोराइडच राहिलें.

आतां दोष. पहिला व सर्वांत बोधप्रद दोष मिठाच्याच बाबतींत घडला. या ग्रंथांत मिठाचें नांव 'म्युरिएट द सूद' असें आहे. त्याचा अर्थ, म्युरिएटिक अम्ल आणि सोडा यांपासून झालेलें लवण. प्रत्येक अम्लांत ऑक्सिजन असलाच पाहिजे असें लाव्हाझियेचें मत होतें. ऑक्सिजन या शब्दाचा अर्थच मुळीं अम्ल उत्पन्न करणारा. म्हणून म्युरिएटिक अम्लांतही ऑक्सिजन आणि कोणी एक अज्ञात मूलद्रव्य आहे असें गृहीत धरिलें गेलें, आणि त्या अम्लापासून निघणाऱ्या हिरवट वायूला 'ऑक्सिजनयुक्त म्युरिएटिक अम्ल' असें नांव पडलें. हंफ्रे डेव्हीनें १८०७ सालीं विजेच्या साहाय्यानें सोडियम धातु वेगळा काढला, आणि १८१० सालीं तो हिरवट वायु स्वतःच मूलद्रव्य असून त्यांत ऑक्सिजन मुळींच नाहीं असें दाखविलें. म्हणजे मिठांत अम्लाचा ऑक्सिजनही नाहीं आणि सोडाही नाहीं. 'म्युरिएट द सूद' या तीन शब्दांत मिठाविषयीं जीं दोन विधानें होतीं तीं दोन्ही खोटीं ठरलीं. 'मीठ' या शब्दांत कसलेंच विधान नव्हतें, म्हणून तें खोटें ठरण्याचा प्रश्नच आला नाहीं.

डेव्हीनें यांतून घेतलेला बोध लक्षांत घेण्याजोगा आहे. नव्या मूलद्रव्याला त्यानें क्लोरीन म्हटलें तें ग्रीक भाषेंतील पिवळट-हिरव्या रंगाच्या शब्दावरून. पुढें कोणतेंही मत प्रचलित झालें तरी बदलावें लागूं नये म्हणून, उघड दिसणाऱ्या गुणावर तें नांव बेतलें असल्याचें त्यानें स्वतः सांगितलें आहे. ग्वितोंच्या तिसऱ्या नियमाचा मान ग्वितोंपेक्षां डेव्हीनें अधिक राखिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. अम्लांच्या दोन पायऱ्या प्रत्ययांनीं दाखविणाऱ्या या चौघांनीं धातूंच्या पायऱ्या मात्र दाखविल्या नाहींत. लोखंडाचीं भस्में 'काळें ऑक्साइड', 'तांबडें ऑक्साइड' अशीं रंगावरूनच सांगितलीं, आणि पाऱ्याच्या दोन क्लोराइडांना 'गोड' व 'दाहक' असे भेद लाविले. रंग व चव या जुन्या कसोट्यांना पुढच्या दारानें हांकलून मागच्या दारानें घरांत घेतलें. हिरव्या हिराकसाचें नवें नांव 'सल्फेट द फेर' एवढेंच झालें. लोखंडाच्या दोहोंपैकीं कोणती अवस्था, हें त्यांत नाहीं. तथापि याबद्दल त्यांस फार दोष देतां येत नाहीं. घटकांचें प्रमाण ठराविक असतें हा सिद्धांत तेव्हां प्रस्थापित झालेला नव्हता. ज्या काळीं संख्या ठाऊक नव्हती त्या काळच्या नांवांत संख्या कशी येणार ?

संख्या आली ती स्टॉकहोमच्या बेर्झेलियसमुळें. १८१३–१४ सालीं लंडनच्या एका मासिकांत त्यानें आपली चिन्हपद्धति मांडली. मूलद्रव्याच्या लॅटिन नांवांतील एक किंवा दोन अक्षरें घ्यावीं आणि परमाणूंची संख्या अंकानें दाखवावी, एवढीच ती युक्ति. लोखंडास 'एफ्‌ई', कारण तें फेरम. शिशास 'पीबी', कारण तें प्लंबम. अंक तो अक्षराच्या डोक्यावर लिहीत असे. ते पायथ्याशीं आले मागून. डाल्टनला हीं अक्षरें शेवटपर्यंत आवडलीं नाहींत. त्याला आपलीं वर्तुळेंच प्रिय. परंतु वर्तुळें छापखान्याला नवीं पाडून घ्यावीं लागत, आणि अक्षरें प्रत्येक छापखान्याच्या पेटींत तयार होतीं. हासेन्फ्राट्झ व अदे यांचे चौकोन-त्रिकोणही याच कारणानें मागें पडले असावे, असा आमचा तर्क आहे.

हिराकसाचें सूत्र बेर्झेलियसच्या रीतीनें लिहिलें तर 'एफ्‌ई-ओ' आणि 'एस्-ओ३' असे दोन तुकडे शेजारीं येतात : लोखंडाचें ऑक्साइड व गंधकाचें अम्ल. आज आपण 'एफ्‌ई' आणि 'एस्-ओ४' असे तुकडे पाडतों. परमाणु मोजले तर दोहींकडे तेवढेच : लोखंड एक, गंधक एक, ऑक्सिजन चार. फरक फक्त पदच्छेदाचा. अक्षरें न तोडतां सलग लिहिलेली पोथी ज्यानें वाचली आहे त्याला हें अधिक समजावून सांगावयास नको. अक्षर एकही न बदलतां अर्थ पार उलटावा असे पदच्छेद आपण पुष्कळ पाहिले आहेत.

आजचा पदच्छेद ज्यावर उभा आहे ती कल्पना आयनाची. विद्युत्भार असलेल्या परमाणूस किंवा परमाणुसमूहास आयन म्हणतात. ग्रीक भाषेंत 'जाणारा' असा अर्थ असलेला हा शब्द फॅरडेनें १८३४ सालीं रूढ केला, आणि तो सुचविण्यांत केंब्रिजच्या ह्यूएल या पंडिताचा हात होता. लवण पाण्यांत विरतांच त्याचे आयन आपोआप सुटे होतात, वीज सोडण्याची वाट पाहत नाहींत, हें स्वीडनच्या आऱ्हेनियसनें १८८७ सालीं मांडलें. त्यावरून नांव व सूत्र लिहिण्याची जी रीत ठरली ती अगदीं साधी आहे. धनभाराचा आयन आधीं, ऋणभाराचा मागून; आणि दोहोंच्या भारांची बेरीज शून्य व्हावी इतकी किमान संख्या. सोडियमचा भार एक, क्लोराइडचा एक. म्हणून एकास एक, 'एनए-सीएल'. कॅल्शियमचे दोन, म्हणून त्याला क्लोराइड दोन. ॲल्युमिनियमचे तीन आणि ऑक्साइडचे दोन. म्हणून दोन ॲल्युमिनियमला तीन ऑक्साइड. मॅग्नेशियम व ऑक्साइड दोघांचेही दोन दोन असले तरी दोनास दोन असें न लिहितां एकास एक असेंच लिहावयाचें. सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, अमोनियम हे परमाणूंचे समूह. ते एकाहून अधिक घ्यावे लागले तर समूहाला कंस घालून बाहेर अंक द्यावयाचा, जसें अमोनियम सल्फेटांत अमोनियमला. नांवांत मात्र संख्या उच्चारीत नाहींत. कॅल्शियम क्लोराइड म्हटलें कीं पुरें. भार ठाऊक असलेल्यास दोन हा अंक निराळा सांगण्याचें कारण उरत नाहीं.

अडचण येते ती एकाहून अधिक भार धारण करणाऱ्या धातूंची. येथें जुनी तोड म्हणजे पुन्हां प्रत्ययच : कमी भाराला 'अस', अधिक भाराला 'इक'. परंतु हे प्रत्यय सापेक्ष आहेत. क्युप्रसमध्यें तांब्याचा भार एक, फेरसमध्यें लोखंडाचा दोन. क्युप्रिकमध्यें दोन, फेरिकमध्यें तीन, स्टॅनिकमध्यें कथिलाचे चार. देवासची थोरली पाती व धाकटी पाती असें म्हटल्यानें दोहोंचें नातें कळतें, कोणाचें उत्पन्न किती तें कळत नाहीं. तसाच हा प्रकार. जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड स्टॉक यानें १९१९ सालीं धातूच्या नांवापुढें भाराचा रोमन अंक कंसांत लिहावा अशी सूचना केली, आणि ती सर्वमान्य झाली. राजांच्या नांवांपुढें अंक घालण्याची सवय असलेल्या इतिहासकाराला ती अधिक पटावी. तरीही पारा आपली तऱ्हा सोडीत नाहीं. जुन्या फ्रेंच यादींतील 'गोड' क्लोराइड म्हणजे कॅलोमेल. त्यांत पाऱ्याचे दोन परमाणु एकमेकांस जखडून दोहोंवर मिळून दोन भार असतात, म्हणून त्याचें सूत्र दोनास दोन असेंच ठेवावें लागतें, एकास एक करितां येत नाहीं. 'दाहक' क्लोराइडाचें नांव तर अगदीं आयनी संयुगासारखें दिसतें, पण घन स्थितींत तें आयनांचें बनलेलें नसून सुट्या रेणूंचें आहे. नांवाच्या साच्यावरून वस्तूची जात ओळखूं पाहणाऱ्यानें पाऱ्यापासून दूर राहावें.

सूत्राविषयींही एक भ्रम दूर करावयास हवा. 'एनए-सीएल' असें लिहिलें म्हणजे मिठाचा एक कण एका सोडियमचा व एका क्लोराइडचा जोडीनें बनला आहे असें वाटतें. १९१३ सालीं ब्रॅग पितापुत्रांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें पाहिलें तेव्हां अशी जोडी कोठेंच आढळली नाहीं. प्रत्येक सोडियमभोंवतीं सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोंवतीं सहा सोडियम, अशी अखंड मांडणी. सूत्र सांगतें तें केवळ प्रमाण. हेन्री आर्मस्ट्राँग या वृद्ध इंग्रज रसायनज्ञाला हें इतकें असह्य झालें कीं त्यानें १९२७ सालीं 'नेचर' पत्रांत 'बिचारें मीठ !' या मथळ्याखालीं बुद्धिबळाच्या पटाची ही कल्पना धुडकावून लावणारें पत्र लिहिलें. तो हरला. पण अक्षरांच्या जोडीकडे पाहून वस्तूंतही जोडी असणारच असें मानणारा तो एकटा नव्हता.

एवढा इतिहास सांगण्याचें प्रयोजन हें कीं, संपादक कंसांत जें सूत्र घालतो तें जुन्या शब्दाचें भाषांतर नसतें. तें त्या द्रव्याच्या घटनेविषयींचें एक मत असतें. १७८७ च्या चौघांचें मिठाविषयींचें मत तेवीस वर्षांत ढासळलें. आमच्या कंसांतलीं मतें किती टिकतील ?

याचें फार बोलकें उदाहरण शुक्रनीतींतील दारूच्या कृतीचें. तींत सुवर्चि-लवण पांच पलें, गंधक एक पल आणि रुई, निवडुंग इत्यादिकांच्या धूर कोंडून केलेल्या कोळशाचें एक पल, असें प्रमाण दिलें आहे. गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८० सालीं मद्रास येथें छापलेल्या ग्रंथांत या लवणाचा अर्थ सोरा असा घेऊन, प्राचीन भारतांत बंदुकीची दारू होती असें प्रतिपादिलें. परंतु सुवर्चिका हा शब्द कोशांत सज्जीखारालाही लाविलेला आढळतो. सज्जीखार म्हणजे मुख्यत्वें सोडियम कार्बोनेट, दोन सोडियमला एक कार्बोनेट. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, एकास एक. पहिला गंधक व कोळशांत कितीही मिसळला तरी बार उडणार नाहीं. दुसरा आपल्या पोटांतला ऑक्सिजन देऊन कोळसा पेटवितो. म्हणून येथें सोरा हाच अर्थ घ्यावा लागतो, हें आम्हांसही मान्य आहे. पण तो घ्यावा लागतो तो कृतीच्या बळावर, शब्दाच्या बळावर नव्हे. आणि एकदां घेतला म्हणजे प्रश्न उलट बाजूनें उभा राहतो. सोऱ्याची दारू वर्णिणारा हा ग्रंथ किती जुना ? लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं शुक्रनीति एकोणिसाव्या शतकांतली असल्याचें मांडलें. ज्या संपादकानें मूळ शब्द काढून तेथें नुसतें पोटॅशियम नायट्रेट छापलें, त्यानें हा सगळा वाद वाचकाच्या दृष्टीआड केला. यवक्षाराचीही तीच गत. जवाच्या राखेंतून काढलेला हा क्षार म्हणजे मुख्यत्वें पोटॅशियम कार्बोनेट; तथापि त्याला सोरा असा अर्थ देणारे कोशही आहेत. एका प्रत्ययाच्या चुकीनें वैद्याच्या पेटींतील औषध दारूखान्यांत जाऊन पडतें.

नवसागराचा प्रकार निराळा. रसरत्नसमुच्चयांत त्याला चूलिकालवण असेंही म्हटलें असून, विटा भाजतांना उत्पन्न होणारें पांढुरकें, हलकें लवण असें त्याचें वर्णन केलें आहे. अमोनियम क्लोराइड हें सूत्र येथें बरोबर आहे. परंतु चूल, वीटभट्टी व जळण यांची जी हकीकत नांवांत व वर्णनांत आहे ती सूत्रांत कोठें राहिली? उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. रसकापुराविषयीं तर आम्ही सूत्र घालूंच नये असें म्हणूं. त्या नांवाखालीं कोठें कॅलोमेल, कोठें दाहक क्लोराइड, कोठें दोहोंचें मिश्रण असें मिळतें. एक पोटांत घेण्याचें औषध मानलें गेलेलें, दुसरें जहाल विष.

आणि हिराकस. रसग्रंथांत कासीसाचे वालुका-कासीस व पुष्प-कासीस असे दोन भेद सांगितले आहेत. आमच्या बाडांत नुसतें 'हिराकस'. बाजारांत येणारा हिराकस खाणींतल्या गंधकी दगडावर हवापाण्याची क्रिया होऊन निघे, आणि त्यांत लोखंडाबरोबर तांबें व जस्तही येई. यूरोपांतील मायफळाच्या शाईचे जुने लेख अलीकडे तपासले गेले तेव्हां शाईंत हे धातु सांपडले. ही गोष्ट संग्राहकाच्या फार कामाची आहे, कारण शाईंतील तांबें कागदाच्या तंतूंचा नाश अधिक वेगानें घडवून आणतें. एकाच पेटींतील दोन पोथ्यांपैकीं एकीचीं अक्षरें कागद खाऊन आरपार जातात आणि दुसरी शाबूत राहते, याचें एक कारण या मिसळींत असूं शकतें. ज्यानें हिराकसाच्या जागीं शुद्ध फेरस सल्फेटाचें सूत्र लिहिलें, त्यानें तें तांबें कागदावर राहूं दिलें आणि नोंदींतून मात्र काढून टाकिलें. पूर्वींचे लेखक चुकीच्या अक्षरांवर हरताळ फासीत. आम्हीं बरोबर असलेल्या शब्दावर फासला.

म्हणून आमची सूचना एवढीच. मूळ शब्द पाठांत जसाच्या तसा असावा, ऱ्हस्वदीर्घासह. आधुनिक नांव द्यावयाचें तर टीपेंत द्यावें, आणि कोणत्या आधारानें दिलें तें सांगावें : कृतीवरून, कोशावरून, कीं नमुना तपासून. केवळ कोशावरून दिलें असेल तर सूत्र देऊं नये, नांवावर थांबावें. नमुना तपासला असेल तर मुख्य द्रव्याबरोबर भेसळीचेंही नांव लिहावें.

आमच्या संग्रहाच्या यादींत त्या बाडाची नोंद आतां पुढीलप्रमाणें दुरुस्त केली आहे : 'शाईची कृति, एक. द्रव्यांत हिराकस, मुळांत शब्द असाच. जात, रंग वा गांव सांगितलेलें नाहीं. बाडाचीं शेवटचीं पानें अशाच शाईनें लिहिलेलीं दिसतात. जाड अक्षरांभोंवतीं कागद तपकिरी व ठिसूळ. तांबें आहे कीं नाहीं तें तपासलेलें नाहीं.'